सहीपुरता वास्तुविशारद

“आर्किटेक्ट हवा तो सहीपुरता. घर कसं बांधायचं ते आपल्याला कळतं.” हे उद्गार अलीकडे आम्ही इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहेत, की ते एखाद्या म्हणीसारखे रुळू लागले आहेत असे म्हणावयास हरकत नाही. बोलणारी मंडळी अडाणी नसतात. कोणी बँकेतून निवृत्त झालेले असतात, कोणी शाळेतून, कोणी आखाती देशांत वीस-पंचवीस वर्षे घाम गाळून परतलेले असतात. आजारी पडल्यावर ही माणसे डॉक्टरकडे केवळ चिठ्ठीवरची सही मागत नाहीत. जमिनीचा दस्त करताना वकिलाला ‘तुम्ही फक्त शिक्का मारा’ असे सांगत नाहीत. मात्र आयुष्यभराची पुंजी ज्या एका कामात ओतायची, तेथे त्यांना जाणकाराचे डोके नको असते. त्याची सही तेवढी हवी असते. या वृत्तीविरुद्ध आम्हांला लिहावयाचे आहे, आणि लिहिताना वास्तुविशारदांनाही आम्ही मोकळे सोडणार नाही.

आमच्या डोळ्यांपुढे आहे तो भोर आणि वेल्ह्याचा मुलूख. वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणावयाचे. पुण्यामुंबईच्या, आणि हो, वसईच्याही अनेक कुटुंबांनी या बाजूला चार-पाच गुंठ्यांचे बिगरशेती तुकडे घेतले आहेत. डोंगर आहेत, धरणांचे पाणी आहे, पुणे हाकेच्या अंतरावर आहे. म्हातारपण येथे काढू असा त्यांचा विचार. विचार वाईट नाही. वाईट आहे ते त्या तुकड्यावर उभे राहणारे घर.

भोरहून रायरेश्वराकडे जाताना आंबवडे लागते. गाव लहान, पण इतिहासाने जड. कान्होजी जेध्यांची समाधी येथे आहे. भोरच्या सचिव घराण्याचे मूळपुरुष शंकराजी नारायण १७०७ साली येथेच निवर्तले, त्यांचीही समाधी येथे आहे. नागेश्वराचे जुने देऊळ झाडीत आहे, आणि ओढ्याच्या पात्रावर संस्थानकाळात बांधलेला झुलता पूल आहे. पर्यटक त्या पुलावर उभे राहून छायाचित्रे काढतात. आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो ते निराळ्याच गोष्टीकडे. त्या पुलाला पात्रात पाय नाही. आषाढात हा ओढा काय रूप धारण करतो हे बांधणाऱ्याने प्रथम पाहिले असले पाहिजे. मग त्याने पुलाचा भार दोन्ही तीरांवर तोलला आणि पाण्याला त्याची वाट मोकळी ठेवली. आधी ओढा, मग पूल. घराच्या बाबतीत हाच क्रम आपण उलटा करून टाकला आहे. आधी चित्र, मग घर, आणि जागेची ओळख सर्वांत शेवटी, बहुधा पहिल्या पावसाळ्यात.

या भागातील जुनी घरे पाहा. जी काही उरली आहेत ती. पावसाच्या अंगाची भिंत जवळजवळ आंधळी; तिच्यात असलाच तर एखादा झरोका. छप्पर कौलारू, चांगले उतरते, आणि वळचण इतकी खाली आलेली की उंच माणसाने ओटीवर चढताना मान लववावी. जोते उंच. पावसाळा तोंडावर आला की पडवीच्या उघड्या बाजूला गवताचा आडोसा बांधला जाई आणि दिवाळीच्या सुमारास तो सुटे. घरात उजेड कमी, धूर अधिक, गुरांचा वास कायम. या घरांचे गोडवे गाण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. त्यांत राहिलेल्या बायकांचे डोळे चुलीच्या धुराने गेले, हे शहरातल्या वाडाप्रेमी मंडळींनी विसरू नये. परंतु पाऊस कोणत्या दिशेने येतो हे त्या घरांना ठाऊक होते. सह्याद्रीच्या माथ्याकडे जसजसे सरकावे तसतसा भोर तालुक्यातला पाऊस वाढत जातो. पूर्वेच्या शिरवळ रस्त्यावरचे घर आणि आंबवड्यापलीकडचे घर एकाच नकाशावर बांधता येत नाही. हे ज्ञान कोणा एका हुशार माणसाचे नव्हते. पिढ्यानपिढ्या भिजून आलेले होते.

त्या ज्ञानाची जागा आता कशाने घेतली आहे? सपाट स्लॅबने. आणि त्या स्लॅबवर, तिसऱ्या-चौथ्या वर्षी, लोखंडी खांबांवर उभारलेल्या पत्र्याच्या मांडवाने. भोरपासून कोर्ल्यापर्यंतच काय, महाराष्ट्राच्या कोणत्याही पावसाळी तालुक्यात जा. स्लॅबच्या घरावर पत्र्याची टोपी हे दृश्य आता इतके सवयीचे झाले आहे की त्यातला विनोद कोणाला जाणवत नाही. प्रथम स्लॅबचे पैसे मोजायचे, मग वॉटरप्रूफिंगचे, आणि सरतेशेवटी पत्र्याचे. म्हणजे एका घराला दोन छपरे, आणि वरचे छप्पर उतरते, अगदी आजोबांच्या घरासारखे! आजोबांचे घर पाडले नसते तरी चालले असते, असे कोणी म्हणत नाही. आम्हांला घराला आशीर्वाद द्यावयास बोलावतात. आम्ही शिंपडलेले पवित्र पाणी घटकाभरात वाळते. छतातून उतरणारे वाळत नाही.

कोणी म्हणेल, हा दोष गवंड्याचा किंवा कंत्राटदाराचा. वास्तुविशारदाचा येथे संबंध काय? संबंध आहे. पण आधी सहीचा प्रश्न निकालात काढू. १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमाने ‘आर्किटेक्ट’ या उपाधीला संरक्षण दिले. परिषदेकडे नोंद नसलेल्या माणसाला ती आपल्या नावापुढे लावता येत नाही. परंतु मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, हा कायदा उपाधीचे रक्षण करतो. इमारतीचा आराखडा करण्याच्या कामापासून तो इतरांना अडवीत नाही. त्यातच ग्रामीण भागातील लहान भूखंडांवरच्या घरांसाठी परवानगीची वाट राज्य शासनाने अलीकडच्या वर्षांत बरीच सोपी केली. तात्पर्य, सहीच हवी असेल तर ती स्वस्तात मिळते, आणि अनेकदा मोठ्या पदवीची सही लागतही नाही. मग वास्तुविशारदाला पैसे द्यावयाचे ते कशासाठी? सहीसाठी ते खरोखरच द्यावयास नकोत. ते विचारासाठी द्यावयाचे. विचार नको असेल तर उगाच त्याच्या दाराशी जाऊ नये. त्याचा आणि आपला, दोघांचाही वेळ वाचेल.

आमच्या परिचयातील एका जोडप्याची हकीकत येथे सांगणे अवश्य वाटते. गृहस्थ शिक्षक होते. निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतून त्यांनी आंबवड्याच्या बाजूला पाच गुंठे घेतले आणि पुण्यातील एका तरुण वास्तुविशारदाकडे गेले. जाताना मोबाईलमध्ये एक चित्र घेऊन गेले. घर कोणत्या देशातले होते कोण जाणे. भोवती वाळू होती आणि ताडासारखी झाडे होती. ‘मला हे असं हवं,’ एवढेच ते बोलले. वास्तुविशारदाने मान डोलावली. नकाशे झाले, सही झाली, कंत्राटदार ठरला. दिवाणखान्याची पश्चिमेची अख्खी भिंत काचेची ठेवण्यात आली, कारण त्या बाजूने डोंगर दिसतो. दिसतोच. रायरेश्वराचे पठार तेथून फार सुंदर दिसते. परंतु त्या गावात डोंगराचे दर्शन आणि पाऊस एकाच दिशेने येतात. पहिल्याच आषाढात काचेच्या चौकटीतून पाणी आत आले, गाद्या हलवाव्या लागल्या, लाकडी फरशी फुगली. आता त्या काचेबाहेर जूनमध्ये निळे प्लॅस्टिक बांधतात आणि ऑक्टोबरमध्ये सोडतात. पूर्वी गवताचा आडोसा बांधीत, तो सुंदर तरी दिसे.

पण आम्हांला अधिक लागले ते निराळेच. त्या घरच्या बाईंना गुडघेदुखीचा जुना आजार आहे आणि झोपण्याची खोली वरच्या मजल्यावर आहे. स्वयंपाकघर मागे, अरुंद, एका खिडकीचे. ती खिडकी कुंपणाच्या भिंतीवर उघडते. दिवसाचे आठ तास बाई तेथे असतात. डोंगर दिसतो तो दिवाणखान्यातून, आणि दिवाणखान्यात पाहुण्यांखेरीज कोणी बसत नाही. “तुम्ही नकाशा पाहिला नव्हता का?” असे आम्ही विचारले. “पाहिला होता की, फादर. पण मला कोणी काही विचारलंच नाही,” असे त्यांनी शांतपणे उत्तर दिले. पंचेचाळीस वर्षे संसार केलेल्या बाईला, तिच्यासाठी बांधल्या जाणाऱ्या घरात, चूल कोठे असावी हे ना पतीने विचारले ना वास्तुविशारदाने. आमच्या मते गळक्या काचेहून हा दोष मोठा आहे, कारण काच बदलता येते.

येथे अपराधी कोण? दोघेही. मालकाने चित्र दिले, माहिती दिली नाही. वास्तुविशारदाने चित्र घेतले, माहिती मागितली नाही. शिंप्याकडे आपण कापड घेऊन जातो आणि तो अंगाला फीत लावून माप घेतो; दुसऱ्याच्या अंगावरचा सदरा दाखवून ‘असाच शिवा’ म्हटले तरीही माप घेतो. घराच्या शिंप्याने फीतच बाहेर काढली नाही, आणि गिऱ्हाईकानेही हात वर केले नाहीत.

मालक मंडळींना आम्ही प्रथम धरतो, कारण ती आमची माणसे आहेत. घर ‘आपल्या मनासारखे’ हवे असे म्हणणाऱ्याने आपले मन एकदा तरी कागदावर उतरवले आहे काय? त्या घरात वर्षाचे किती दिवस राहणार? बाराही महिने, की शनिवार-रविवार? मुले परदेशातून येणार असतील तर किती वर्षांनी एकदा, आणि त्यांच्यासाठी तीन खोल्या कुलूपबंद ठेवण्यात काय अर्थ? म्हातारपणी जिना चढवेल काय? रात्री लघवीला उठल्यावर किती पावले चालावी लागतील? हा प्रश्न हलका वाटेल, पण सत्तरी गाठलेल्या माणसाला विचारा. वाळवण कोठे घालणार, ओले कपडे पावसाळ्याचे चार महिने कोठे वाळणार, आंबेमोहराचे पोते कोठे ठेवणार? रोज संध्याकाळी येऊन गप्पा मारणारा शेजारी चपला कोठे काढणार आणि टेकणार कोठे? ओटी नसलेल्या घरात शेजारी येत नाही. तो फाटकातून हाक मारतो आणि परत जातो. या गोष्टी कोणत्याही चित्रात दिसत नाहीत. त्या घरातल्या माणसांना ठाऊक असतात, आणि विशेषतः ज्यांना कोणी विचारीत नाही अशांना.

आणखी एक लपवाछपवी आहे, पैशाची. जवळ तीस लाख असतील तर मालक वीस सांगतो, कारण वास्तुविशारद खर्च वाढवणारच अशी त्याची खात्री. वास्तुविशारदालाही हे अनुभवाने माहीत झालेले असते. म्हणून तो वीस ऐकतो आणि तीसचे घर आखतो. मग मालकाला वाटते आपण बरोबरच ओळखले होते! हा पोरखेळ आहे. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब न करणाऱ्या माणसाची गोष्ट आपण सर्वांनी पुष्कळदा ऐकली आहे. हिशेब खरा करावयाचा असतो, आणि ज्याच्याकडून घर आखून घ्यावयाचे त्याच्यापासून तो लपवून कसे चालेल?

मालकाने आपला शब्द नेमका सांगितला तर काय घडते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे, आणि ते कोणा धनिकाचे नाही. एप्रिल १९३६ अखेर गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहावयास गेले; पुढे १९४० मध्ये त्या गावाला सेवाग्राम हे नाव मिळाले. तेथील झोपड्यांची मांडणी मीराबेन यांनी पाहिली. त्या मूळच्या मॅडेलिन स्लेड, ब्रिटिश आरमारातील अधिकाऱ्याच्या कन्या. वास्तुशास्त्राची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. मालकाच्या अटी मात्र पक्क्या होत्या. खर्च अल्प हवा, सामान आसपासचेच हवे, हात गावातले हवेत. मातीच्या भिंती, बांबू, देशी कौले. आज ‘बापू कुटी’ म्हणून जी दाखवतात ती मुळात मीराबेन यांनी स्वतःसाठी बांधलेली. भिंतीवर त्यांनीच मातीत उठवलेली ताडाची झाडे आहेत. आत गेल्यावर कळते की या घरात राहणाऱ्याला काय हवे होते आणि काय नको होते. ‘नको’ हे अधिक महत्त्वाचे. आपल्या मालकांना ‘नको’ म्हणता येत नाही, हीच खरी अडचण आहे.

गांधीजींच्या याच विचाराने एक मोठा वास्तुविशारद भारताला दिला. लॉरी बेकर हे बर्मिंगहॅमला जन्मलेले, क्वेकर पंथाचे. चीनमध्ये रुग्णसेवा करून परतत असताना मुंबईत त्यांची गांधीजींशी गाठ पडली. घरासाठी लागणारे सामान जागेपासून पाच मैलांच्या आत मिळावे, हा विचार त्यांनी तेथून उचलला आणि पुढे केरळात आयुष्यभर राबवला. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २००७ मध्ये तिरुवनंतपुरमला त्यांचे निधन झाले. बेकर जागेवर जाऊन आखणी करीत, वापरलेल्या पाकिटांच्या पाठीवर रेखाटने काढीत, गवंड्यांबरोबर उभे राहत, आणि वाटेत झाड आले तर भिंत वळवीत. आमच्या वाचकांपैकी कोणी तिरुवनंतपुरमला गेला तर त्याने त्यांचे लोयोला चॅपेल अवश्य पाहावे. विटांच्या जाळीतून आत येणारा उजेड पाहिला की रंगीत काचांची हाव सुटते. सर्वांनी मातीच्या घरात राहावे असे आम्ही म्हणत नाही. वाळवी, ओल, दरवर्षीचे लिंपण हे ज्याला झेपत नाही त्याने त्या वाटेला जाऊ नये, आणि सत्तरीच्या जोडप्याला ते सहसा झेपत नाही. बेकर यांच्याकडून घ्यावयाचे ते त्यांचे जागेवर उभे राहणे.

आता वास्तुविशारदांकडे वळू. त्यांच्यातील अनेकजण मन लावून काम करतात, ते आम्हांला ठाऊक आहेत आणि त्यांच्याविषयी आदर आहे. हे लिहिणे त्यांच्याविषयी नाही. ज्यांच्या कार्यालयात घराचा आराखडा ही वस्तू संगणकातून छापून निघते, ज्यांना आंबवड्याचा भूखंड आणि वाघोलीचा भूखंड केवळ मोजमापांनी निराळा वाटतो, त्यांना आमचे विचारणे आहे. जागेवर किती वेळा गेलात? पाया खोदताना गेलात का? बहुधा दोनदा जातात: भूमिपूजनाला आणि छायाचित्र काढण्याच्या दिवशी. छायाचित्राचा दिवस डिसेंबरात असतो. गवत पिवळे, आकाश निळे, काच स्वच्छ. मासिकात छापून येते, आणि तेच चित्र पाहून पुढचा शिक्षक पुढचा भूखंड घेतो. फरशीवाल्याकडून आणि नळवाल्याकडून मिळणाऱ्या ‘टक्क्यां’विषयी तर आम्ही बोलतच नाही, वास्तुविशारदांसाठी १९८९ साली केलेल्या आचारनियमांत दलालीला मनाई आहे, ती त्यांनी स्वतःच एकदा वाचावी.

आणि गवंडी? तो कोणाच्याच खिजगणतीत नाही. आंबवड्याच्या परिसरातला पन्नाशीतला गवंडी सांगू शकेल की कोणत्या शेतात पाणी साचते, कोठे मुरूम हातभर खाली लागतो, कोणत्या विहिरीला मार्चमध्ये पाणी राहते. त्याला हे कोणी विचारीत नाही. त्याच्या हाती एक कागद येतो, ज्यावरची अक्षरे इंग्रजी असतात. नकाशावरची सूचना ज्याने अमलात आणावयाची त्याला ती वाचता येऊ नये, हा प्रकार आपण निमूटपणे का चालवून घेतो? बांधकामाचे नकाशे मराठीत असावेत अशी मागणी आम्ही येथे जाहीरपणे करतो. जिन्याच्या पायरीची उंची मराठीत लिहिली म्हणून जिना खचत नाही.

चुन्याविषयीही हाच अनुभव. ‘आता चुना कोण वापरतो? टिकत नाही,’ असे भोरमध्येच बसून सांगतात. त्याच भोर तालुक्यात, वेळवंडी नदीवर, १९२८ साली पूर्ण झालेले भाटघरचे धरण चुन्याच्या दगडी बांधकामाचे आहे आणि अजून पाणी अडवून उभे आहे. घराच्या भिंतीला त्याहून अधिक काय सोसावयाचे असते? चुना अवघड झाला आहे हे खरे. घाणी गेली, ती फिरवणारे हात गेले, आणि सिमेंटपेक्षा त्याला अधिक वेळ लागतो. ही कारणे प्रामाणिकपणे सांगावीत. टिकत नाही असे सांगू नये.

चार्ल्स कोरिया हे नाव आमच्या वाचकांना परके नाही. दादरचे पोर्तुगीज चर्च म्हणून आपण ज्याला ओळखतो त्याची आजची वास्तू त्यांनीच १९७० च्या दशकात घडवली. परंतु येथे आम्हांला त्यांचे दुसरे काम आठवते, नवी मुंबईतील बेलापूरची वसाहत, १९८३ ते १९८६ या काळात उभारलेली. सुमारे साडेपाचशे कुटुंबांची घरे. सातसात घरांचा घोळका एका लहान अंगणाभोवती, आणि अशा घोळक्यांचे मोठे घोळके. भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला न चिकटवता प्रत्येक घर स्वतंत्र ठेवले, म्हणजे संसार वाढला की मालकाला शेजाऱ्याला न विचारता घर वाढवता यावे. साध्या गवंड्याला बांधता येईल, दुरुस्त करता येईल असे बांधकाम. जगभर कीर्ती झालेल्या माणसाने आपल्या कामात दुसऱ्याच्या हाताला जागा ठेवली. पुढे तेथील कितीतरी मूळ घरे पाडून रहिवाशांनी मजले चढवले, आणि वास्तुशास्त्राचे अभ्यासक त्यावर हळहळतात. आम्ही थोडे कमी हळहळतो. अंगणे बुजली याचे मात्र आम्हांलाही दुःख आहे. एकदा घर दिले की ते राहणाऱ्याचे, हे ज्या वास्तुविशारदाला आधीपासून ठाऊक असते, तो गुडघेदुखी असलेल्या बाईला वरच्या मजल्यावर झोपवीत नाही.

आमच्या या म्हणण्यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो रास्त आहे: फी परवडत नाही. खरे आहे, सर्वांना परवडत नाही. दोन खोल्यांचे घर बांधणाऱ्या आंबवड्याच्या शेतकऱ्याने वास्तुविशारद गाठावा असे आम्ही सुचवत नाही. तो आपल्या गवंड्याशी बोलतो आणि त्याचे घर पुष्कळदा पाहुण्यांच्या बंगल्यापेक्षा अधिक शहाणे निघते. आम्ही बोलत आहोत ते परदेशी नळ, इटालियन फरशी आणि दाराला पितळी सिंह लावणाऱ्यांविषयी. त्यांना फी परवडते. वीस वर्षे टिकणाऱ्या छपराचा विचार विकत घेताना ते घासाघीस करतात आणि सिंह बोललेल्या किमतीला घेतात.

दुसरा आक्षेप असा की, पैसे माझे, जमीन माझी, घर कसे बांधावे हे सांगणारे तुम्ही कोण? कोणी नाही. पण पाणी तुमचे नाही. भाताची खाचरे एकाखाली एक असतात. वरच्या बांधावरून सुटलेले पाणी खालच्याला मिळते. मध्येच कोणी भराव घालून पाच गुंठे उंच केले आणि भोवती सहा फुटी भिंत घातली, की खालच्या खाचराला एक तर पाणी येत नाही किंवा एकदम लोंढा येतो. वसईच्या वाचकांना हे समजावून सांगावयास नको. आपली बावखले बुजवून आपण काय मिळवले, ते जुलै २०१८ मध्ये घराघरांत शिरलेल्या पाण्याने दाखवले आहे. तीच चूक पैसे देऊन दुसऱ्याच्या गावात करावयास आपण निघालो आहोत, आणि तेथे बुडणारे आपण नसू.

म्हणून, ज्यांनी त्या बाजूला जागा घेतली आहे आणि अजून कुदळ मारलेली नाही, त्यांना आमचे सांगणे थोडके आहे. एक पावसाळा जाऊ द्या. जागा उघडी असू द्या. पोलाद महागेल, सिमेंट महागेल, कंत्राटदार दुसरे काम घेईल, घेऊ द्या. आषाढातल्या एका दुपारी वास्तुविशारदाला, घरातल्या बाईंना आणि गावातल्या एका गवंड्याला घेऊन त्या पाच गुंठ्यांवर तासभर उभे राहा. छत्री उलटी होईल ती कोणत्या दिशेला, ते पाहा. ज्या वास्तुविशारदाला त्या तासासाठी सवड नाही त्याचे दर कितीही कमी असोत, त्याला काम देऊ नका. आल्याबद्दल त्याला त्या तासाचे पैसे द्या, आणि न मागता द्या. करारात नकाशांबरोबर जागेवरच्या फेऱ्याही मोजून लिहा: पाया, जोते, छप्पर, आणि घर झाल्यानंतरचा पहिला पावसाळा. नकाशा मराठीत मागा. आणि छपरावरून पडणारे पाणी अंगणातून निघून शेवटी कोणाच्या खाचरात उतरणार आहे, ते त्याच नकाशावर बाणाने दाखवावयास सांगा. सही त्या बाणाखाली घ्या.